झडप हृदयाची, दुखणं रक्ताचं : अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमबद्दल माहिती आणि अनुभव हवेत

वाळवंटीकाठ

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी लिहिते आहे. वय ३३, गोव्यात सांखळीला राहते. दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात बाळ गेलं. दुसऱ्या वेळी दाखल असताना हृदयात मरमर (ठोक्यांमध्ये वेगळा आवाज) ऐकू आली, इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि माइट्रल व्हॉल्व्हला, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या एका झडपेला, गळती असल्याचं कळलं. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला असणार, असं सांगून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू केलं. तिला लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचं आईला मुळीच आठवत नाही. पण आपल्याकडे झडपेचं दुखणं म्हटलं की हेच कारण असतं म्हणे, म्हणून आम्हीही मान्य केलं.

यंदा पावसात तिला बारीक ताप आला. प्लेटलेट ऐंशी हजारांवर. घरात, शेजारी, दवाखान्यात सगळे डेंग्यू डेंग्यू म्हणत होते. डेंग्यूची चाचणी मात्र निगेटिव्ह. ताप गेला तरी प्लेटलेट वर येईनात. मग एके सकाळी चहाचा कप हातातून सुटला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. १०८ ला फोन करून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथे पोचेपर्यंत हात हलायला लागला होता, बोलणंही परत आलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी तिच्या मांड्यांवरचे जाळीसारखे निळसर-जांभळे पट्टे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "मुलं किती? गर्भपात झालेत का?"

तिथून चक्र फिरलं. रक्तातल्या तीन तपासण्या गेल्या, तिन्ही पॉझिटिव्ह. अन्ननलिकेतून नळी घालून इको केला. माइट्रलच्या दोन्ही पडद्या जाड झाल्यात आणि कडेला चामखिळीसारखे बारीक कण आहेत. जंतुसंसर्ग नाही ना हे पाहायला रक्ताचे कल्चर तीन वेळा केले, काही उगवलं नाही. आजाराचं नाव अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, रक्तात गुठळ्या होण्याचा आजार. आधी पोटात हेपारिनची इंजेक्शनं दिली, आता रक्त पातळ करायची गोळी. बारा आठवड्यांनी त्याच तपासण्या पुन्हा करायच्या आहेत.

डॉक्टर नीट बोलतात, पण ओपीडीत गर्दी असते आणि आमचे प्रश्न घरी आल्यावर सुचतात. झडप जाड झाली ती पुन्हा बरी होते का? ऑपरेशन टळेल का? जेवणात काय सांभाळायचं? आणि गोव्यात हे दुखणं असलेलं दुसरं कोणी आहे का? तिला वाटतं, जगात ती एकटीच आहे.

---

म्हादई

ताई, वाचून पोटात गोळा आला. माझ्याकडे माहिती नाही, पण बहिणीला सांगा की आम्ही सगळे आहोत. पेनिसिलिनचं इंजेक्शन अजून चालू आहे का? तेही विचारून घ्या.

---

सूक्ष्मदर्शी

मी प्रयोगशाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालो. आजारावर बोलायचा अधिकार डॉक्टरांचा, मी फक्त तपासणीबद्दल लिहितो. इथे नमुना घेतानाच गडबड झाली तर पुढचं सगळं चुकतं.

तीन तपासण्या म्हणजे अँटीकार्डिओलिपिन, अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन आणि ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट. पहिल्या दोन सरळ आहेत, अँटीबॉडी किती ते मोजतात. तिसरी नाजूक. तिच्यात रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते पाहतात आणि त्यासाठी घोणशीचं विष वापरतात. हो, आपल्या काजूच्या रानात सापडते तीच घोणस. तिचं विष गोठण्याच्या साखळीतला दहावा घटक थेट जागा करतं. विष खूप पातळ करून, सोबत मोजकंच फॉस्फोलिपिड (गोठायला लागणारा चरबीसारखा पदार्थ) घालून वेळ मोजतात. रक्तात या अँटीबॉडी असल्या तर त्या फॉस्फोलिपिडच अडवून ठेवतात आणि नळीतलं रक्त गोठायला उशीर लागतो. मग निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळून पाहतात. उशीर तसाच राहिला तर एखादा घटक कमी आहे असं नाही, काहीतरी अडवतं आहे. शेवटी जास्तीचं फॉस्फोलिपिड घालतात. त्यावर वेळ सुधारली की तपासणी पॉझिटिव्ह.

गंमत नाही, हे फार गंभीर आहे : काचेच्या नळीत ज्याचं रक्त उशिरा गोठतं, त्याच माणसाच्या अंगात गुठळ्या होतात. एपीटीटी (रक्त गोठायची वेळ मोजणारी नेहमीची तपासणी) लांबलेला पाहून "हिला रक्तस्रावाचा धोका" असा उलटा अर्थ लावलेला मी पाहिला आहे.

पुन्हा तपासणी कराल तेव्हा एवढं पाहा. निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. अर्धी भरलेली नळी नको म्हणा, पुन्हा टोचावं लागलं तरी चालेल. प्लाझ्मा दोनदा फिरवून प्लेटलेट जवळजवळ पूर्ण काढाव्या लागतात. राहिलेल्या प्लेटलेट स्वतःचं फॉस्फोलिपिड सोडतात आणि अँटीबॉडी झाकली जाते. नमुना मुंबईला जाणार असेल तर प्लाझ्मा गोठवून, कोरड्या बर्फात जायला हवा. साध्या आइसपॅकवर पाठवलेल्या नमुन्यावर माझा विश्वास नाही. आणि ती कोणती रक्त पातळ करायची औषधं घेते ते फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहा. हेपारिन असो, गोळी असो, तिसऱ्या तपासणीत सगळ्याची लुडबुड होते. पहिल्या दोन तपासण्यांना त्याचा फरक पडत नाही.

एक विचारू का? दिवस गेले होते तेव्हाचे जुने रिपोर्ट आहेत का? त्यात व्हीडीआरएल, म्हणजे उपदंशाची (गुप्तरोगाची) प्राथमिक तपासणी, काय आलं होतं, जरा बघाल?

---

वाळवंटीकाठ

काका, फाईल काढली. पहिल्या खेपेच्या कागदावर "व्हीडीआरएल वीकली रिअ‍ॅक्टिव्ह" असं आहे. खाली दुसऱ्या कागदावर उपदंशाची पक्की तपासणी, टीपीएचए, निगेटिव्ह. तुम्हाला कसं कळलं?

त्या कागदावरून तेव्हा घरात काय झालं ते इथे लिहीत नाही. जावयावर संशय घेतला गेला, एवढंच सांगते.

---

सूक्ष्मदर्शी

व्हीडीआरएलच्या द्रावणात कार्डिओलिपिनच असतं. बैलाच्या हृदयातून काढलेलं कार्डिओलिपिन, त्यात लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल. तुमच्या बहिणीच्या रक्तातली अँटीबॉडी त्यालाच जाऊन चिकटली. उपदंशाशी काही संबंध नाही आणि टीपीएचएने तेव्हाच ते सिद्ध केलं होतं. जावयांना हा प्रतिसाद जरूर वाचून दाखवा. घरातल्या मोठ्यांनाही.

---

स्पंदन

मी गोव्यातच फिजिशियन आहे. बहिणीला मी तपासलेलं नाही, म्हणून हा सल्ला नव्हे. तिच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल अशी माहिती समजा.

शरीर स्वतःच्याच विरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, असा हा आजार आहे. या अँटीबॉडी मुख्यतः बीटा-२ ग्लायकोप्रोटीन नावाच्या प्रथिनाला धरतात आणि त्याच्यासोबत रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर, प्लेटलेटवर, वारेवर (पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटावर) जाऊन बसतात. अस्तर चिडतं, प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, गुठळी धरते. शिरेत झाली तर पाय सुजतो. धमनीत झाली तर मेंदूला झटका. वारेत झाली तर बाळ जातं. प्लेटलेट कमी दिसतात, पण त्यामुळे गुठळीपासून संरक्षण मिळत नाही. हे घरच्यांना पटवणं सगळ्यात कठीण, कारण पावसाळ्यात आपल्याकडे प्लेटलेट कमी म्हणजे रक्तस्राव हेच डोक्यात बसलेलं असतं.

१९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी हे सगळे धागे एकत्र बांधले, म्हणून याला ह्यूज सिंड्रोमही म्हणतात. झडपेवरचे ते कण त्याच्याही खूप आधी, १९२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सॅक्स या दोन डॉक्टरांनी पाहिले होते. आजही त्यांना लिबमन-सॅक्स हेच नाव आहे.

झडपेत काय होतं? पडदीच्या आत अँटीबॉडी साचतात, दाह होतो, वर प्लेटलेट आणि फायब्रिनचे थर बसतात. ते म्हणजे तुमच्या रिपोर्टमधले कण. त्यात जंतू नसतात, म्हणून कल्चरमध्ये काही उगवत नाही. दाह निवला की तिथे व्रण धरतो आणि पडदी जाड, ताठ होते. पावसात फुगलेलं लाकडी दार चौकटीत बसत नाही तशी ती मिटताना नीट बसत नाही, फट राहते, रक्त मागे जातं. हीच गळती. इको केलेल्या रुग्णांपैकी साधारण एक-तृतीयांशांत झडपेत असा काही ना काही बदल सापडतो. सगळ्यात जास्त माइट्रल, त्याखालोखाल एऑर्टिक. बहुतेकांना त्याचा त्रास कधीच होत नाही. पण त्या कणांचा तुकडा सुटला तर तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. चहाचा कप सुटला तेव्हा काय झालं असावं, याचा अंदाज यावरून येईल.

आपल्या देशात संधिवाताच्या तापाने झडप बिघडणं इतकं नेहमीचं आहे की डोळे तिकडेच जातात. इकोत फरक दिसतो, पण शोधावा लागतो. संधिवाताच्या तापात पडद्यांचे सांधे एकमेकांना चिकटतात, खालच्या दोऱ्या आखूड होतात आणि तोंड अरुंद होतं. अँटीफॉस्फोलिपिडमध्ये सांधे सहसा मोकळे असतात, जाडी पसरलेली असते, अरुंदपणा क्वचित, गळतीच जास्त. तरुण बाई, झडपेची गळती, गर्भपात आणि कमी प्लेटलेट एकत्र दिसले की या तीन तपासण्या व्हायलाच हव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. पेनिसिलिन मात्र स्वतःहून बंद करू नका. नवा इको हाती घेऊन हृदयरोगतज्ज्ञांनी तो निर्णय करायचा.

बऱ्या होण्याबद्दल : रक्त नीट पातळ राहिलं तर ते कण लहान होतात, कधी नाहीसेही होतात. जाडी मात्र परत जात नाही. म्हणून उरलेली झडप वाचवायची तर गोळी आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) यांना पर्याय नाही.

---

पर्वरीकर

माझ्या बाबांना हृदयाचे ठोके अनियमित होतात म्हणून नवी रक्त पातळ करायची गोळी आहे. ना आयएनआर, ना पथ्य, दिवसाला एक गोळी, संपलं. इतक्या तरुण मुलीला दर महिन्याला सुई आणि जन्मभर भाजीपाल्याचा हिशोब कशाला? ताई, डॉक्टरांना नव्या गोळीचं विचारा. महाग आहे, पण आता स्वस्त कंपन्यांच्याही निघाल्यात.

---

स्पंदन

पर्वरीकर, बाबांसाठी ती गोळी उत्तम आहे. इथे मात्र नाही, आणि हे जरा जोर देऊन सांगतो.

तिन्ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवर इटलीत एक चाचणी झाली. १२० रुग्ण, निम्म्यांना रिव्हारोक्साबॅन (त्या नव्या गोळ्यांपैकी एक), निम्म्यांना वॉरफरिन (जुनी, आयएनआर पाहून घ्यायची गोळी). ती अर्ध्यातच थांबवावी लागली. रिव्हारोक्साबॅनच्या गटात ५९ पैकी ७ जणांना मेंदूचा किंवा हृदयाचा झटका आला, वॉरफरिनच्या गटात एकालाही नाही. निष्कर्ष २०१८ मध्ये आले आणि २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी अशा रुग्णांना या गटातल्या गोळ्या देऊ नयेत असं कळवलं. वाळवंटीकाठ, तुमच्या बहिणीच्या तिन्ही पॉझिटिव्ह आहेत आणि मेंदूचा झटका येऊन गेला आहे. कुणी सोय म्हणून गोळी बदलायला सांगितलं, मग तो डॉक्टर का असेना, तर हा मुद्दा समोर ठेवा.

आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात. मेंदूचा झटका आलेल्यांना काही डॉक्टर सोबत छोटी अ‍ॅस्पिरिन देतात, काही आयएनआर ३ ते ४ कडे नेतात. यावर तज्ज्ञांत एकमत नाही, रुग्ण पाहून ठरतं.

---

पर्वरीकर

धन्यवाद डॉक्टर. माझा आग्रह मागे घेतो. घरी आयएनआर पाहायचं बोटाला टोचायचं यंत्र मिळतं, ते तरी चालेल का? सांखळीहून लॅबच्या फेऱ्या वाचतील.

---

सूक्ष्मदर्शी

या आजारात त्या यंत्रावर विसंबू नये. त्याच अँटीबॉडी यंत्राच्या पट्टीतल्या रसायनात ढवळाढवळ करतात आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतात. माणूस समजतो रक्त पुरेसं पातळ आहे, प्रत्यक्षात नसतं. शिरेतून रक्त देऊन लॅबमध्येच करा, आणि शक्यतो नेहमी एकाच लॅबमध्ये.

---

आडपईकर

माझं दुखणं वेगळं. मला खरोखरच संधिवाताच्या तापाने माइट्रल गेला आणि धातूची झडप बसली. पण गोळी तीच, आयएनआर तोच, म्हणून लिहितो.

गोळी संध्याकाळी, रोज त्याच वेळी. सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत आकडा येतो आणि डोस बदलायचा तर त्याच रात्री बदलता येतो. माझी असिट्रॉम आहे, वॉरफरिनच्याच जातीची. एक आणि दोन मिलिग्रॅमच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो, फार्मसीवाल्याने दुसरी कंपनी दिली तर परत करतो. एका वहीत तारीख, आकडा, डोस आणि शेवटच्या रकान्यात त्या आठवड्यात काय वेगळं घडलं ते : ताप, अँटिबायोटिक, लग्नातलं जेवण. ही वही मला कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त शिकवून गेली.

गोव्यातल्या माणसाने सांभाळायचा महिना म्हणजे श्रावण. मासळी बंद, आणि ताटात रोज पालेभाजी. टायकिळो, कुडूक, तेरें, अळू, तांबडी भाजी. या सगळ्यांत व्हिटॅमिन के भरपूर आणि ते गोळीच्या नेमकं उलट काम करतं. पहिल्या श्रावणात माझा आयएनआर धाडकन खाली आला होता. पालेभाजी सोडायची नाही, हे लक्षात घ्या. बंद केली तर चतुर्थीनंतर आकडा उलटा वर पळेल. वर्षभर साधारण सारखीच खायची. आमच्याकडे आता बारा महिने आठवड्यातून ठराविक दिवशी पालेभाजी असते, श्रावणातही तेवढीच, बाकी दिवशी मूग, चवळी, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळा, दुधी. श्रावण लागला की पंधरा दिवसांत एकदा आयएनआर जास्तीचा करून घेतो.

आंबोशी, सोलकढी, नारळ, मासळी यांची भीती बाळगू नका. दारूची बाळगा. उन्हाळ्यात हुर्राक आला की घराघरांत आग्रह होतो, तिथे हात जोडायचे. आणि अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर कधीच घेऊ नये. पॅरासिटामॉल चालते, तीही रोज भरपूर घेतली तर आकडा वर जातो.

---

कुळागर

आमच्याकडे डेंग्यूत पपईच्या पानांचा रस देतात, प्लेटलेट वर येतात म्हणतात. बहिणीला द्यायला हरकत नसावी. अर्जुनाच्या सालीचा काढाही हृदयाला चांगला म्हणतात. सोबत कच्ची लसूण.

---

स्पंदन

कुळागर, आपुलकीने लिहिलंत ते समजतं. पण इथे प्लेटलेट वाढवणं हे ध्येयच नाही. ऐंशी हजार प्लेटलेटवर रक्त पातळ करायची गोळी देता येते. पपईचा रस, लसणीचा मोठा डोस आणि काढे यांपैकी काहींनी आयएनआर वर जातो, आणि काढ्यात नक्की किती काय आहे ते कुणालाच मोजता येत नाही. फोडणीतली लसूण खुशाल खावी. औषध म्हणून काही घ्यायचं तर आधी विचारून, आणि घेतल्यावर आठवड्यात आयएनआर करून. अँटिबायोटिकचंही तसंच. मेट्रोनिडाझोल आणि को-ट्रायमोक्साझोल ही दोन नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, दोन्हींनी आकडा झपाट्याने वाढतो.

---

सुरंगी

ताई, तुमच्या बहिणीला हा प्रतिसाद दाखवा.

मी कुडचड्याची. मलाही हेच आहे. तिच्यासारखंच माझं बाळ दोनदा पोटातच गेलं. दोष माझ्यात आहे, कुणाची तरी नजर लागली, देवाचं काही राहिलं असेल, सगळं ऐकून झालं. तिसऱ्या खेपेच्या आधी एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी या तपासण्या लिहून दिल्या. माझी मुलगी आता शाळेत जाते.

दिवस राहायच्या आधीच ठरवून घ्यावं लागतं. वॉरफरिन, असिट्रॉम बाळाला घातक, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. म्हणून दिवस गेल्याचं कळताच गोळी थांबवून हेपारिनची इंजेक्शनं सुरू होतात, सोबत छोटी अ‍ॅस्पिरिन, आणि बाळंतपणानंतरही काही आठवडे. इंजेक्शन मी स्वतः घ्यायला शिकले. बेंबीपासून चार बोटं लांब, कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, औषध सावकाश सोडायचं, नंतर चोळायचं नाही. चोळलं की तिथे काळानिळा डाग पडतो. एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. पोट वाढलं की भीती वाटते, पण सुई बाळापर्यंत पोचत नाही.

माझी झडप चांगली आहे. तिची गळती असल्यामुळे तिने आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवायचं, घाई करू नये. गर्भनिरोधक गोळ्या तर मुळीच नकोत. त्यांतल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो. हे मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं, मी विचारलं तेव्हा कळलं. तिला म्हणावं, विचारपूस केली तर मी आहे. इथे निरोप पाठवा.

---

वाळवंटीकाठ

सुरंगी, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. पहिल्यांदा रडली, मग परत वाच म्हणाली. देव बरें करूं.

सूक्ष्मदर्शी काका, व्हीडीआरएलचा तुमचा प्रतिसाद छापून आईला दिला. तिने जावयाला जवळ बोलावून घेतलं. त्यापुढचं घरातच राहू दे, पण काही वर्षांचा गुंता त्या एका कागदाने सुटला.

काल हृदयरोगतज्ज्ञांची भेट झाली. गळती मध्यम आहे, डावा कप्पा अजून मोठा झालेला नाही. आत्ता ऑपरेशन नाही. सहा महिन्यांनी पुन्हा इको. पेनिसिलिन बंद केलं. ल्युपसची (शरीर स्वतःवरच उलटतं अशा दुसऱ्या आजाराची) तपासणीही केली, तो नाही. तरी त्या आजारात देतात ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी सुरू केली आहे आणि डोळे तपासून घ्यायला सांगितलं आहे. पुढे कधी झडप बदलायची वेळ आलीच, तर धातूची की प्राण्याच्या ऊतीची, हा प्रश्न आईने विचारला. डॉक्टर म्हणाले, तेव्हा बोलू. आम्हाला मात्र आत्तापासून समजून घ्यायचं आहे.

---

स्पंदन

चांगली बातमी आहे. मध्यम गळती घेऊन लोक वर्षानुवर्षं कामधंदा करतात.

ऊतीची झडप साधारण दहा-पंधरा वर्षं टिकते, तरुणांत त्याहून लवकर खराब होते. धातूची टिकते, पण जन्मभर गोळी लागते. तुमच्या बहिणीला गोळी तशीही जन्मभर आहे, म्हणून अशा रुग्णांत बरेच सर्जन धातूकडे झुकतात. उलट बाजू अशी की धातूची माइट्रल झडप असताना गर्भारपण फार जोखमीचं होतं, आणि आयएनआरही वर, २.५ ते ३.५ ठेवावा लागतो. मुलाचा विचार असेल तर हा क्रम आधी ठरवायला हवा, म्हणून आईंचा प्रश्न अगदी योग्य वेळी आला आहे.

या आजारात हृदयाचं ऑपरेशन नेहमीपेक्षा कठीण असतं. हृदय-फुप्फुस यंत्रावर घेताना हेपारिन देतात आणि ते पुरेसं आहे की नाही हे रक्त गोठण्याची वेळ पाहून ठरवतात. इथे तीच वेळ अँटीबॉडींनी लांबलेली असते, त्यामुळे आकडा फसवतो. भूलतज्ज्ञ, सर्जन आणि रक्तविकारतज्ज्ञ यांनी आधी बसून दुसरी पद्धत ठरवलेली असली पाहिजे. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर रक्त पातळ नसलेले तास कमीत कमी ठेवावे लागतात. फार क्वचित, शेकड्यात एकाहूनही कमी रुग्णांत, एकाच वेळी अनेक अवयवांत गुठळ्या होतात, आणि त्याचं निमित्त बरेचदा संसर्ग, ऑपरेशन किंवा गोळी अचानक बंद करणं हे असतं. म्हणून कुठल्याही इस्पितळात पाऊल ठेवताच आजाराचं नाव पहिल्या वाक्यात सांगायचं.

---

म्हादई

खर्चाबद्दल : दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे ना? तीन किंवा कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. नूतनीकरणाची तारीख पाहून ठेवा. माझ्या मामांचं नेमकं दाखल करायच्या वेळी संपलेलं निघालं होतं. आणि हृदयशस्त्रक्रिया बांबोळीतही होते, बेळगाव-मुंबई धरायची गरज नाही.

---

सूक्ष्मदर्शी

म्हादई, ऑपरेशनचं ठीक. पण ती तिसरी तपासणी शंकास्पद आली तर मुंबईत परळला, केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय रक्तविकार संस्था आहे. त्यांचं कामच हे. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जावं लागेल.

---

वाळवंटीकाठ

कार्ड चालू आहे, आजच पाहिलं. बारा आठवड्यांची तपासणी चतुर्थीनंतरच्या आठवड्यात येते. निळ्या नळीचं तिला पाठ झालं आहे.

एक शेवटची अडचण. तिची अक्कलदाढ किडली आहे. दातांच्या दवाखान्यात काढायची म्हणून सांगितलं आणि त्याआधी पाच दिवस रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवा म्हणाले. करू का?

---

स्पंदन

नाही. पाच दिवस तर मुळीच नाही. एक दाढ काढायला बहुतेकदा गोळी थांबवावी लागतच नाही. आदल्या दिवशी आयएनआर करायचा, तो ठरलेल्या मर्यादेत असला की दाढ काढून टाका घालतात आणि रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या द्रावात भिजवलेला बोळा दाबून धरायला देतात. थांबवायचीच वेळ आली तर मधल्या दिवसांत हेपारिन हवं. सरळ दातांच्या डॉक्टरांचा आणि तिच्या हृदयरोगतज्ज्ञांचा फोन जोडून द्या, दोघांना एकमेकांशी बोलू दे. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, आणि मेट्रोनिडाझोल लिहून दिलं तर आधी कळवा.

---

आडपईकर

माझ्या दोन दाढा अशाच काढल्या, गोळी चालू ठेवून. सकाळची पहिली वेळ घ्या. रक्त झिरपत राहिलं तर दिवसभर दवाखाना उघडा असतो. शुक्रवारी-शनिवारी नको.

---

वाळवंटीकाठ

मंगळवारची सकाळची वेळ मागून घेतली. दोन्ही डॉक्टरांचे नंबर एकमेकांना दिलेत, सोमवारी आयएनआर करतो. झालं की इथे कळवते.